पुन्हा पाण्यासाठीच आले!

टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या रोलप्लेइंग गेममध्ये दर कॅम्पेनला, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या कथेला, तेच! परग्रहवासी पृथ्वीवर का चालून आले, असं कथा रचून खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरला विचारलं की उत्तर ठरलेलं: पाण्यासाठी. अरे, गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाखाली आपल्या सगळ्या महासागरांच्या दुपटीएवढं पाणी असावं, असा अंदाज आहे. शनीची कडी तर बहुतेक बर्फाचीच. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षांवर, तिथून येणारा हे सगळं वाटेत सोडून आपल्या खाऱ्या समुद्रासाठी कशाला लढेल?

काल खेळात माझं पात्र असलेली जीवशास्त्रज्ञ दोन तास शत्रूच्या तळावर लपून बसली. २० बाजूंचा फासा टाकत टाकत त्यांची भाषा उलगडली, वहीची चार पानं भरली. आणि कळलं काय, तर पाणी! पेन्सिलच खाली ठेवली मी. त्यांना काय हवंय, कशाची भीती वाटते, एवढं तरी आधी ठरवा ना!