गादी सोडली, सही नाही सोडली?

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी दोन महिन्यांपूर्वी राजीनामा दिला. शाल-श्रीफळ झालं, मिसळ झाली, भाषणात काकांचा गळा दाटून आला. त्यानंतरही लिफ्टवाल्याला फोन करतात ते काकाच, टँकरचा हिशोब त्यांच्याच वहीत आणि चेकवर सहीही त्यांचीच. बँकेत सही बदलायचा फॉर्म ‘भरतोय, भरतोय’ करत त्यांच्याच कपाटात पडून आहे. परवा एकाने ग्रुपवर हळूच विषय काढला, तर काकांनी उत्तरादाखल एक फॉरवर्ड टाकला. तोच मजकूर त्याच दिवशी मला आणखी तीन ग्रुपवर दिसला.

मजकूर थोडक्यात असा: ‘युरोप-जपानची राजघराणी बघा. राजा गादी सोडतो, पण मागून कारभार तोच बघतो. कामं घरातले सगळे सारखी वाटून घेतात. सगळ्यांचा पगार सरकारी तिजोरीतून चालूच. पदवी आणि कायद्याचं संरक्षण मरेपर्यंत. राजाला निवृत्तीचं वय नसतं, मनात येईल तेव्हा तो उतरतो. याला म्हणतात संस्कार!’

काका, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण यातलं बरंचसं चूक आहे.

आधी ‘मागून कारभार’ घेऊ, कारण खरी मेख तिथे आहे. डेन्मार्कच्या राणी मार्ग्रेथे यांनी २०२३ च्या ३१ डिसेंबरला, नववर्षाच्या भाषणात, पायउतार होत असल्याचं जाहीर केलं आणि १४ जानेवारी २०२४ ला गादी सोडली. गादीवर बसून त्यांना त्या दिवशी बरोबर ५२ वर्षं झाली होती. समारंभ कसा झाला ते पाहण्यासारखं आहे. कोपनहेगनच्या ख्रिश्चन्सबोर्ग राजवाड्यात मंत्र्यांची राज्यपरिषद भरली. राणींनी पदत्यागाच्या कागदावर सही केली आणि त्या खुर्चीवरून उठल्या. त्यांच्या खुर्चीवर मुलगा फ्रेडरिक बसला आणि फ्रेडरिकच्या खुर्चीवर अठरा वर्षांचा नातू ख्रिश्चन. ‘देव राजाचं रक्षण करो’ एवढं म्हणून राणी दालनाबाहेर गेल्या. डेन्मार्कच्या राज्यघटनेनुसार या परिषदेत राजा, मंत्री आणि सज्ञान वारस बसतात. माजी राणीची जागाच तिथे नाही. चौथी खुर्ची कुणी मागवलीही नाही.

राजा परदेशी गेला तर राज्यप्रतिनिधी म्हणून ज्यांना नेमता येतं, त्यांत राणी मेरी आणि युवराज ख्रिश्चन यांच्या जोडीला मार्ग्रेथेही आहेत, हे खरं. पण ती नेमणूक राजा परत येईपर्यंतची असते. आपल्याकडे मालक गावाला गेले की दुकानाच्या गल्ल्यावर घरातलं कुणी बसतं, तशी. दुकान काही त्यांच्या नावावर होत नाही.

जपान तर याहून कडक. अकिहितो यांनी ३० एप्रिल २०१९ ला सिंहासन सोडलं आणि त्याबरोबर सगळी सार्वजनिक कामंही सोडली. त्यांच्यासाठी केलेल्या कायद्यात हेही ठरवलं होतं की त्यांना पुन्हा सम्राट होता येणार नाही आणि राज्यप्रतिनिधीही होता येणार नाही. मुळात जपानच्या राज्यघटनेनुसार शासनाचा कुठलाही अधिकार गादीवरच्या सम्राटालाच नाही. मग गादीवरून उतरलेल्याकडे मागून चालवायला उरणार काय?

मागून कारभार म्हणजे काय, हे नाशिककरांना कोपनहेगनवरून शिकायची गरज नाही. राघोबादादा आनंदवल्लीत राहायला आले, पण जीव पुण्यातच अडकलेला. शेवटी १७६८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या धोडपला चुलत्या-पुतण्याची लढाई झाली आणि माधवरावांनी काकांना हरवलं. (इथला ‘काका’ हा शब्द इतिहासाचा आहे, आमच्या सोसायटीचा नाही.) फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक पेशवाई होती, नावं मात्र युरोपची घातली.

‘कामं सारखी वाटतात’ या वाक्यात वाटणी हा शब्दच घोळ घालतो. ती काही द्राक्षबागेची वाटणी नाही, की चार भाऊ आणि चार एकर. राजाची कामं साधारण दोन प्रकारची. कायद्यावर सही करणं, राजदूतांची अधिकारपत्रं स्वीकारणं, पंतप्रधानांना भेटणं ही पदाची कामं. ती वाटली जात नाहीत, गादीवर जो असेल त्याचीच ती असतात. दुसरी म्हणजे इस्पितळाला भेट देणं, संस्थेचं आश्रयदातेपद, फीत कापणं. ही घरातल्या इतरांना देता येतात. पण तीही सारखी दिली जात नाहीत, आणि अलीकडे तर वाटेकरीच कमी केले जात आहेत. स्पेनमध्ये २०१४ साली राजे हुआन कार्लोस उतरले आणि त्यांचा मुलगा फेलिपे राजे झाले, तेव्हा फेलिपेंच्या दोन्ही बहिणी, एलेना आणि क्रिस्तिना, अधिकृत राजघराण्यातून बाहेर गेल्या. आई सोफिया मात्र कार्यक्रमांना जात राहिल्या. मार्ग्रेथेंनी तर स्वतः गादीवर असतानाच धाकट्या मुलाच्या चारही मुलांच्या राजपुत्र-राजकन्या या पदव्या २०२३ च्या १ जानेवारीपासून काढल्या. आजीने नातवंडांच्या पदव्या काढल्या म्हणून डेन्मार्कमध्ये बरीच धुसफूस झाली.

जपानमध्ये वेगळीच अडचण आहे. अकिहितोंचे चिरंजीव आणि आताचे सम्राट नारुहितो युवराज असताना जी कामं करत, त्यांतली बरीच त्यांचे भाऊ आकिशिनो यांच्याकडे गेली. पण घराण्यातली मुलगी बाहेरच्या माणसाशी लग्न करते तेव्हा तिला घराणं सोडावं लागतं. आकिशिनोंची थोरली मुलगी माको २०२१ मध्ये अशीच बाहेर पडली. म्हणजे कामं तेवढीच आणि माणसं दरवेळी एकाने कमी.

पगाराचं लवकर संपवतो. नेदरलँड्समध्ये कायद्याने भत्ता मिळतो तो राजा, सज्ञान वारस, पायउतार झालेली राणी किंवा राजा आणि त्यांचे जोडीदार यांनाच. राजाच्या भावाला नाही, मावशीला नाही. फ्रेडरिक यांना चार मुलं, पण सरकारी भत्ता एकट्या ख्रिश्चनला, हे २०१६ मध्येच ठरलं. हुआन कार्लोस यांचा भत्ता तर त्यांच्या मुलानेच मार्च २०२० मध्ये बंद केला आणि त्यांच्याकडून येणारा वैयक्तिक वारसाही नाकारला. त्याच ऑगस्टमध्ये माजी राजे अबू धाबीला गेले.

पदवीबद्दल फॉरवर्ड अर्धा बरोबर आहे, तेवढे गुण द्यायला हवेत. मार्ग्रेथे आजही राणी म्हणवतात, बेल्जियमचे आल्बेर्ट राजे म्हणवतात. पण नेदरलँड्सच्या बेआट्रिक्स २०१३ मध्ये उतरल्या त्या क्षणी पुन्हा राजकन्या झाल्या. त्यांची आई युलियाना आणि आजी विल्हेल्मिना यांनीही तेच केलं होतं. कायद्याच्या संरक्षणाचं मात्र साफ चूक. आल्बेर्ट यांनी २०१३ च्या जुलैत गादी सोडली आणि राजा म्हणून असलेलं कवच गेलं. मग डेल्फिन यांनी लावलेला पितृत्वाचा दावा त्यांना टाळता आला नाही. डीएनए चाचणी झाली, आणि जानेवारी २०२० मध्ये त्यांनी ती आपली मुलगी असल्याचं मान्य केलं. स्पेनच्या संसदेने हुआन कार्लोस उतरल्यावर घाईघाईने कायदा केला, पण तो खटला फक्त सर्वोच्च न्यायालयात चालावा एवढ्यापुरता. राजा असताना जी पूर्ण अभयता होती, ती पुढच्या काळासाठी मिळाली नाही.

राहिलं ‘मनात येईल तेव्हा’. अकिहितोंनी ८ ऑगस्ट २०१६ ला चित्रवाणीवरून देशाला संबोधलं, वय आणि प्रकृती यांबद्दल बोलले, पण ‘मला उतरायचंय’ हे सरळ म्हणता आलं नाही, कारण सम्राटाने कायदा बदला म्हणणं म्हणजे राजकारणात पडणं. जपानच्या राजघराण्याच्या कायद्यात पदत्यागाची तरतूदच नव्हती. जून २०१७ मध्ये खास त्यांच्यापुरता कायदा झाला, आणि प्रत्यक्ष उतरायला २०१९ उजाडलं. त्याआधी जपानचा सम्राट उतरला होता तो १८१७ साली.

आणि निवृत्तीचं वय नसतं म्हणे. आपल्या शेजारच्या भूतानमध्ये जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी डिसेंबर २००६ मध्ये, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना, मुलाकडे गादी सोपवली. २००८ च्या त्यांच्या राज्यघटनेत तर स्पष्ट लिहिलंय: वारस सज्ञान असेल तर राजाने ६५ व्या वर्षी पायउतार व्हायचं.

काकांना गेल्या दिवाळीत एकाहत्तरावं लागलं. बँक उद्या दहाला उघडते, फॉर्म घ्यायला मी साडेनऊला येतो.