नकाशात न मावलेला दुअमली गाव

मागच्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थ्याचा एम. ए.च्या लघुप्रबंधाचा विषय नामंजूर झाला. 'एम्पायर: टोटल वॉर' या व्हिडिओ गेममध्ये मराठेशाही कशी दाखवली आहे, असा विषय होता. शेऱ्यात दोनच वाक्यं होती. "विषय साहित्याच्या कक्षेत बसत नाही. संगणक विभागाशी संपर्क साधावा." तो कागद त्याने माझ्या टेबलावर ठेवला, "जाऊ द्या मॅडम, ग्रामीण कथा घेतो" म्हणाला आणि तासाला निघून गेला.

बावीस वर्षं मी मराठी शिकवते आहे. विषय नाकारले जातात हे मला नवीन नाही, मीही नाकारले आहेत. पण या वेळी त्याला "तुला नेमकं काय दिसलं?" एवढंही कुणी विचारलं नाही. म्हणून त्याला काय दिसलं ते मी इथे लिहिते आहे.

हा गेम २००९ चा, इंग्लंडमध्ये तयार झालेला. अठराव्या शतकातली एक सत्ता निवडायची आणि तिचा कारभार हाकायचा. सैन्य उभारायचं, कर बसवायचे, तह करायचे, लढायचं. ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया यांच्या रांगेत मराठेही आहेत. खेळ सुरू होतो १७०० साली. सातारकरांना या सालाचं मोल वेगळं सांगायला नको. त्या मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं, एप्रिलमध्ये कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर साताऱ्याचा अजिंक्यतारा औरंगजेबाच्या हाती गेला आणि पुढची लढाई ताराबाईंनी अंगावर घेतली. हा मुलगा त्याच अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेला. अकरावीत असताना मावसभावाच्या कॉम्प्युटरवर त्याने गेम पहिल्यांदा उघडला आणि यादीत मराठ्यांचं नाव दिसलं तेव्हा अंगावर काटा आला, असं त्यानेच मला सांगितलं.

मग खेळता खेळता त्याला एक गोष्ट खटकायला लागली. नकाशावरचा प्रत्येक प्रांत एका वेळी एकाच सत्तेचा असतो. जिंकला की आपला रंग चढतो, गमावला की दुसऱ्याचा. ठरलेल्या सालापर्यंत ठरलेले प्रांत आपल्या रंगात आणले की विजय. आता हे चौथाईला कसं लावायचं? चौथाई म्हणजे दुसऱ्याच्या मुलखातल्या वसुलाचा चौथा हिस्सा, वर सरदेशमुखीचा दहावा. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या सनदा घेऊन आले. सुभे कागदोपत्री मोगलांचेच राहिले आणि मराठ्यांची माणसं तिथे हक्काने वसुलीला जाऊ लागली. पुढे निजामाच्या बाजूला अशी गावं होती, जिथे एकाच रानावर दोन्ही सरकारांचा अंमल चाले. त्यांना दुअमली गाव म्हणत. गेममध्ये तहात पैसे मागता येतात, एखादी सत्ता आपल्या छत्राखाली घेता येते, हे सगळं या मुलाने तपासलं होतं. पण एकाच जमिनीवर दोघांचा हक्क, तोही वर्षानुवर्षं, दोघांनी मान्य केलेला, असं काही त्या नकाशात बसत नाही.

"मॅडम, या गेममध्ये मराठे जिंकतात," तो म्हणाला, "पण मराठ्यांसारखे जिंकत नाहीत. फ्रान्ससारखे जिंकतात."

मी वही मिटून ठेवली आणि त्याच्याकडे बघत राहिले. एकविसाव्या वर्षी या मुलाने राज्य म्हणजे काय याबद्दलच्या दोन वेगळ्या कल्पना ओळखल्या होत्या. त्यातली एक गेमच्या नियमांत कशी मुरली आहे आणि दुसरीला तिथे जागाच का नाही, हे दाखवून दिलं होतं. कादंबरी शिकवताना आम्ही हेच तर शिकवतो. निवेदक कोण, तो कुठे उभा आहे, त्याला काय दिसत नाही. याच्या हाती कादंबरीऐवजी नकाशा आणि माऊस होता, एवढाच फरक. यात संगणक विभागाने काय करायचं होतं?

नकार आल्यानंतरच्या शनिवारी त्याने मला विभागात बसवलं आणि स्वतःचा लॅपटॉप पुढे सरकवला. "आज तुम्ही खेळा." गेम होता 'पेपर्स, प्लीज', २०१३ चा, लुकास पोप नावाच्या एकाच माणसाने केलेला. साल १९८२, आर्स्टॉत्स्का नावाचा काल्पनिक देश. आपण सीमेवरच्या चौकीतले तपासनीस. खिडकीशी माणूस येतो, पासपोर्ट ठेवतो, आपण तारीख, शहर, फोटो, परवाना जुळवून बघायचा आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. माणशी पाच क्रेडिट मजुरी. चूक झाली की टेबलावरचं छोटं यंत्र टरटर आवाज करत चिठ्ठी बाहेर टाकतं. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना ताकीद, तिसरीपासून दंड. दिवस संपला की हिशेबाचा पडदा येतो, त्यात भाडं, जेवण, घर ऊबदार ठेवण्याचा खर्च, औषध. घरी बायको, मुलगा, सासू, काका. पैसे पुरत नाहीत.

पाचव्या दिवशी एक माणूस आला. त्याचे कागद नीट होते. जाता जाता म्हणाला, माझी बायको मागेच उभी आहे, तिच्याशी जरा नीट वागा. मग ती आली. तिच्याकडे प्रवेशपत्र नव्हतं. परत गेले तर मारतील मला, म्हणाली.

माझ्या दोन ताकिदी संपल्या होत्या. आदल्या रात्री मी जेवण निवडलं होतं, ऊब नव्हती निवडली, आणि मुलाच्या नावापुढे 'आजारी' असं आलेलं होतं. उजवीकडून शिक्क्यांची पट्टी ओढली, तिचा पासपोर्ट लाल शिक्क्याखाली नेला आणि दाबला.

विद्यार्थी शेजारी बसून होता. "का नाही सोडलं, मॅडम?"

माझ्या तोंडून निघालं, "नियम होता."

बोलले आणि ते माझं मलाच टोचलं. त्याच आठवड्यात या मुलाला एका कागदाने हेच उत्तर दिलं होतं. फाळणीवरच्या कथा मी किती वर्षं शिकवते आहे. सीमेवरची माणसं, छावण्या, शिक्के, कारकुनांचे थंड चेहरे. दरवेळी वर्गात आपण त्या बाईच्या बाजूने उभे असतो, कारण लेखकाने आपल्याला तिच्याजवळ उभं केलेलं असतं. इथे मी खिडकीच्या आत होते. त्या कारकुनाला मी आयुष्यात पहिल्यांदा आतून ओळखलं. घरी गेल्यावरही तो शिक्क्याचा खट्ट आवाज कानात होता, आणि मी हे रंगवून सांगत नाही.

"त्याने असं का केलं?" हा प्रश्न साहित्याच्या वर्गात रोज विचारला जातो. "मी असं का केलं?" हा प्रश्न माझ्या वर्गात आजवर कुणी विचारलेला नव्हता. आपल्याकडे रसचर्चेत सहृदय म्हणजे मनापासून समरस होणारा रसिक आहे, साधारणीकरण म्हणजे पात्राचं सुखदुःख सगळ्यांचं होणं आहे, प्रेक्षकाच्या मनात काय घडतं यावर शतकानुशतकांचा विचार आहे. पण तिथला सहृदय नटाकडे बघतो. खेळणाऱ्याच्या हाताने कृती घडते, तिचं काही देणं त्याच्याकडे लागतं, आणि त्या अनुभवाला लावायला आपल्याकडे अजून शब्द नाहीत. ते शब्द मराठीत घडवायचे असतील तर मराठी विभागांनाच बसावं लागेल.

जगात हे काम सुरू होऊन पाव शतक उलटलं आहे. एस्पेन आर्सेथ हा नॉर्वेचा अभ्यासक, साहित्यातूनच आलेला. वाचकाला कष्ट घेऊन स्वतः वाट काढावी लागते अशा संहितांवर त्याने १९९७ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि त्यात कॉम्प्युटर गेमच्या जोडीला 'ई-चिंग' हा प्राचीन चिनी शकुनग्रंथही घेतला. २००१ मध्ये 'गेम स्टडीज' हे नियतकालिक निघालं. त्या सुमारास मोठा वाद झाला. जॅनेट मरे या अमेरिकन विदुषीने लिहिलं होतं की 'टेट्रिस' हा वरून पडणारे तुकडे रचत जाण्याचा गेम म्हणजे कामाखाली दबलेल्या अमेरिकन माणसाचं आयुष्यच आहे, एक आवरेपर्यंत वरून दुसरं कोसळतं. फिनलंडचा मार्कू एस्केलिनेन तिच्यावर तुटून पडला. खेळात गोष्ट शोधू नका, खेळाला खेळ म्हणून वाचा, असं त्याचं म्हणणं. मला दोघांचंही थोडं पटतं. पण माझ्या मनात आणखी एक प्रश्न येतो. 'टेट्रिस' १९८४ मध्ये मॉस्कोत जन्मला, अलेक्सेई पाजित्नोव्हच्या हातून. मग त्यात अमेरिकाच का दिसावी? वाचणारा आपलं गाव बरोबर घेऊनच वाचायला बसतो. माझ्या विद्यार्थ्याने सातारा बरोबर घेतला, म्हणून त्याला चौथाई दिसली. कोलकात्याच्या सौविक मुखर्जींनी तर गेम आणि वसाहतवाद यांवर २०१७ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलेलं आहे. म्हणजे हा विषय कक्षेबाहेरचा नाही. कक्षा आखून झाल्यावर आपण ती पुन्हा तपासलेली नाही.

आणि आपल्याकडे खेळातून गोष्ट सांगणं आजचं का आहे? मोक्षपट घ्या. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते. पटावरच्या घरांना नावं असत, सद्गुणांच्या घरातून शिडी वर जाई, दुर्गुणाच्या घरातून साप खाली आणी आणि शेवटी मोक्ष. खेळता खेळता माणूस एक दर्शन बोटांनी गिरवत असे. तो पट इंग्लंडला गेला, हळूहळू घरांची नावं पुसली गेली, आणि आपल्या मुलांच्या हाती उरली एक ते शंभर आकड्यांची सापशिडी. या पटांवर २०१९ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात जेकब श्मिट-मॅडसन यांनी पीएच. डी. केली. त्यांचं काम मोलाचं आहे. आपल्या एखाद्या विद्यार्थिनीला तोच विषय सुचला असता तर आपण तिला कोणत्या विभागाकडे पाठवलं असतं, याचा मात्र विचार करा.

आता पुण्याचं उदाहरण. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या गटाने २०२० मध्ये 'राजी' हा गेम आणला. सर्कशीत काम करणारी राजी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते. गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू, आपापसात बोलत. भिंतींवर चित्रं आहेत, राजस्थानी वास्तूंची छाया आहे. मला तो फार आवडला आणि तो पुण्यात झाला याचा मला अभिमान आहे. तरी एक म्हणेन की तिथे गोष्ट भिंतींवर आणि देवांच्या बोलण्यात आहे, आपले हात बहुतेक वेळ मारामारीत गुंतलेले असतात. त्याच्या शेजारी २०२३ चा 'वेण्बा' ठेवून बघा. टोरंटोला गेलेलं एक तमिळ जोडपं, साल १९८८, आणि आईने दिलेली फाटकी, डागाळलेली पाककृतींची वही. जिथे अक्षरं गेली आहेत तिथे पुढची पायरी आपण ओळखायची. इडलीपात्रातल्या थाळ्या कशा रचायच्या हे चुकत चुकत शोधायचं. परदेशात आई आणि मुलगा यांच्यात पडलेलं अंतर आपल्या बोटांना त्या वहीच्या गेलेल्या अक्षरांतून कळतं. माझी बहीण न्यू जर्सीला असते. आईच्या पुरणपोळीचं माप फोनवर विचारताना ती जशी अडखळते, तशी मी तो गेम खेळताना अडखळले.

हे लिहिताना पालकांचे चेहरेही डोळ्यांसमोर आहेत. 'गेम' म्हटलं की त्यांना रमी आठवते, कर्ज आठवतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, तो हवाच होता. पण जुगारी पत्ते खेळतात म्हणून आपण सारिपाट टाकून दिला नव्हता.

मुंबईत २०२५ पासून गेम, अ‍ॅनिमेशन शिकवणारी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली आहे. खासगी संस्थांचे गेम डिझाइनचे कोर्स तर गल्लोगल्ली आहेत. आनंद आहे, मुलांना काम मिळेल. पण तिथे मॉडेल कसं उभं करायचं, कोड कसा लिहायचा हे शिकवलं जाईल. पटावर कुणाचं राज्य, खिडकीच्या आत कोण आणि बाहेर कोण, नियम कुणाच्या सोयीचा, हे शिकवायला ज्यांचा जन्म आख्यानं वाचण्यात गेला अशी माणसं लागतात, आणि ती मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विभागांमध्ये बसलेली आहेत. बहुतेकांच्या हातात तास कमी आणि वेळ बराच आहे.

पैसाही फार लागत नाही. 'पेपर्स, प्लीज' कुठल्याही जुनाट लॅपटॉपवर चालतो. वर्गात दोन-दोन मुलं एका लॅपटॉपवर बसवायची, एकाने खेळायचं, दुसऱ्याने लिहायचं. कुठे थांबला, काय निवडलं, काय पुसून पुन्हा केलं. ती खेळाची रोजनिशी म्हणजेच संहिता. याशिवाय मोबाइलवर चौघं मिळून खेळणाऱ्या आमच्या पोरांची बोली आहेच. हेडफोन लावून "आरं मागं बघ की, आला त्यो" असं ओरडताना सातारी बोलीत इंग्रजी क्रियापदं कशी मुरतात, यावर भाषाविज्ञानाचा एक अख्खा पेपर होईल.

येत्या अभ्यास मंडळात मी एका ऐच्छिक विषयाचा प्रस्ताव मांडणार आहे. ज्यांनी आपल्या महाविद्यालयात असं काही चालवलं आहे, त्यांनी कृपया अभ्यासक्रम पाठवा, फसलेले प्रयोगही कळवा. तो विद्यार्थी आता ग्रामीण कथेवर लिहितो आहे, चांगलं लिहितो आहे. चौथाईची टिपणं मात्र मी त्याला फेकू दिलेली नाहीत, ती माझ्या कपाटात आहेत.

येत्या शनिवारी दुपारी तीनला आमच्या विभागात बारा मुलं येणार आहेत. चार लॅपटॉप जमले आहेत, दोन माऊस तो आणतो म्हणाला आहे.