इसार नेमका कुणाला बांधतो?

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट आधी सांगतो. ती अजून मनातून जात नाही.

सप्टेंबरच्या पावसात लातूर जिल्ह्यातल्या आमच्या औसा तालुक्यात सोयाबीन पाण्यात उभं होतं. त्यातून हाती लागलं ते ३१ क्विंटल. व्यापारी खळ्यावर आला. ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळातलं मूठभर काढलं, फुंकलं, दोन दाणे दाताखाली धरून बघितले. मग पिशवीतली मशीन काढून ओलावा मोजला. १४ टक्के निघाला. "डागी हाय थोडं, ओल बी हाय. सगळं धरून क्विंटलला ४१५० देतो." मी हो म्हणालो. त्याने २००० रुपये इसार, म्हणजे सौदा पक्का केल्याची आगाऊ रक्कम, माझ्या हातावर ठेवला. "परवा टेम्पो लावतो मालक, काळजी करू नका."

टेम्पो आला सहाव्या दिवशी. मधल्या काळात दोघं जण माल विचारून गेले, त्यांना मी "दिलंय" एवढंच सांगितलं. हमालांनी ताडपत्री काढली, पोती समोर मांडली, आणि तेव्हा तो म्हणाला, "भाव पडूलालाय मालक. डागी बी लई हाय. ३८५० च्या वर जमत नाही."

ढीग तोच. डागी तेच, त्याने स्वतः फुंकून बघितलेलं. उलट सहा दिवस ऊन खाऊन माल वाळला होता. पण मळणीवाल्याचे पैसे द्यायचे होते, हरभऱ्याचं बियाणं आणायचं होतं, पेरणीचा वाफसा निघून चालला होता. हमीभाव ५३२८ होता खरा, पण त्याला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो आणि सरकारी खरेदीला नोव्हेंबर उजाडला. मी माल भरून दिला. क्विंटलमागे ३०० प्रमाणे ९३०० रुपये तिथल्या तिथे गेले. वर क्विंटलला दोन किलो कडता, म्हणजे वजनातली कापणी, तीत ६२ किलो सोयाबीन फुकट. सौद्याच्या वेळी कडत्याचं नावसुद्धा निघालं नव्हतं.

पैसे गेले, त्याचं दुःख आहेच. पण त्याहून जास्त लागली ती संध्याकाळी पारावरची बोलणी. सगळे म्हणाले, "मार्केट पडलं, तो तरी काय करंल?" त्याने शब्द फिरवला, असं एकही जण म्हणाला नाही.

आता २०२१ आठवा. जुलैच्या मध्यात आम्ही घरात ठेवलेलं २२ क्विंटल सोयाबीन ७६०० ने बोलून टाकलं. इसार घेतला ५०००. माल उचलायला व्यापाऱ्याने दोन आठवडे लावले, आणि त्या दोन आठवड्यांत काय झालं ते लातूर भागातल्या कुणालाही सांगायला नको. रोज सकाळी "आज पोटलीत काय निघाला?" एवढाच विषय; पोटली म्हणजे लातूरच्या बाजारातला भाव ठरवणारा सौदा. महिनाअखेरीला भाव साडेनऊ हजाराच्या पुढे. चुलते म्हणाले, इसार परत कर. मित्र म्हणाले, दुप्पट इसार परत कर, पण माल देऊ नको. वडील ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "पैसे हातात घेतलेत आपण."

७६०० नेच दिलं. चाळीस हजाराच्या आसपास फरक गेला. त्याच महिन्यात गावातल्या एका पोराने इसार परत करून माल दुसऱ्याला घातला, तर त्याचं नाव आजही निघतं. "त्याच्या शब्दाचं काय खरं नाही." पुढे ऑगस्टात केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, सप्टेंबरात भाव कोसळले. तेव्हा किती व्यापाऱ्यांनी बोललेला माल उचललाच नाही, त्यांची नावं मात्र कुणी लक्षात ठेवली नाहीत.

माझं म्हणणं इथेच आहे. शेतकरी मागे हटला की शब्द मोडला म्हणतात. व्यापारी मागे हटला की बाजार पडला म्हणतात. एकच इसार, पण त्याने बांधला जातो फक्त माल देणारा. आणि ही भाषा व्यापाऱ्याने आपल्यावर लादलेली नाही, आपणच पारावर बसून ती बोलतो.

लहानपणी वडिलांसोबत हाळी-हंडरगुळीच्या बाजाराला जायचो. देवणी बैलांसाठी तो बाजार आमच्याकडे नावाजलेला. तिथं सौदा तोंडाने होत नाही. उपरण्याखाली दोघांचे हात जातात, बोटं दाबून भाव सांगितला जातो. मला तेव्हा वाटायचं, हे केवढं गुपित! पण आता विचार केला की दिसतं, त्यात लपलेला असतो फक्त आकडा. बाकी सगळं उघड्यावर. बैल चारचौघांसमोर चालवून दाखवायचा. दात दाखवायचे. खोड असेल तर विकणाऱ्याने आधी सांगायची, मारका आहे, बसतो, औताला डाव्या बाजूलाच चालतो. मधला हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, दोघांनाही ओळखणारा. दावं हातात दिलं की सौदा पक्का, आणि नंतर खोड निघाली तर पुढच्या बाजारी त्याच माणसाला त्याच झाडाखाली गाठता येतं. शब्द टिकायचा तो या सगळ्याच्या जोरावर. माणसं तेव्हा देवमाणसं होती म्हणून टिकायचा, असं मला वाटत नाही.

आडतीवरच्या विश्वासाचंही तसंच. बहिणीच्या लग्नात आमच्या आडत्याने, म्हणजे बाजारात आमचा माल विकून देणाऱ्याने, एका शब्दावर २० हजार दिले होते. कागद नाही, साक्षीदार नाही. वडील ते उपकार शेवटपर्यंत बोलून दाखवायचे आणि मीही ते विसरणार नाही. अडचणीला बँक उभी राहिली नाही, तो उभा राहिला. पण पुढची चार वर्षं आमची तूर, हरभरा, करडई सगळं त्याच दुकानात गेलं, आणि दुसऱ्या दुकानात काय भाव निघाला हे विचारायची आमची हिंमत झाली नाही. विश्वास होता हे खरं, आणि त्या विश्वासाखाली उचल होती हेही खरं. जो देणेकरी आहे त्याने शब्द पाळला याचं कौतुक किती करायचं? त्याच्यापुढे दुसरी वाट कुठे होती?

बाजार समितीत निदान काही कागद हातात येतो. उघड लिलाव, वजनाची काटापट्टी, पैशांची हिशोबपट्टी, आणि नियमाने विकल्या दिवशीच पैसे. ते पाळलं जातं का, हा वेगळा विषय, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. खळ्यावरच्या खरेदीत यातलं काहीच नसतं.

तोंडी सौद्याला कायद्यात किंमत नाही, असा आपल्यात मोठा गैरसमज आहे. किंमत आहे. १८७२ चा करार कायदा तोंडी करार मानतो आणि १९३० चा माल विक्री कायदा तर सरळ म्हणतो की विक्रीचा करार लेखी होऊ शकतो किंवा तोंडी. अडतं ते सिद्ध करण्यापाशी. ४१५० ठरलं होतं हे मी कुणाला दाखवू? खळ्यावर मी, तो आणि आमचं कुत्रं.

म्हणून यंदाच्या तुरीपासून मी चिठ्ठी सुरू केली. वहीचं अर्धं पान. माल किती, भाव किती, ओलावा बघितला तो किती. कडता कापणार की नाही, कापणार तर किती किलो. काटा कुणाचा. माल कोणत्या तारखेपर्यंत उचलायचा, पैसे त्याच दिवशी की नंतर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इसाराचं दोन्हीकडून: मी फिरलो तर दुप्पट परत, तो तारखेला आला नाही तर इसार माझा आणि माल मोकळा. दोघांच्या सह्या, फोनवर फोटो, आणि तो फोटो तिथेच उभं राहून त्याच्या व्हॉट्सॲपवर. ज्याला लिहायचा कंटाळा आहे त्याने हेच सगळं बोलून व्हॉइस मेसेज टाकावा आणि समोरच्याकडून "हो, बरोबर" एवढं उत्तर घ्यावं.

पहिल्या व्यापाऱ्याला मी हे पान दाखवलं तर तो उठूनच गेला. "एवढी वर्षं येतोय तुमच्या गावात, आता कागद मागता?" मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. घरातही कुरकुर झाली की गिऱ्हाईक घालवलं. दोन रात्री मला नीट झोप नव्हती, तुरीची पोती ओसरीत आणि वर आभाळ भरून येत होतं.

तिसऱ्या दिवशी दुसरे एक आले, वयाने वडीलधारे, किल्लारीकडचे. त्यांनी चष्मा लावून पान पूर्ण वाचलं. कडत्याच्या ओळीवर थोडा वेळ थांबले, माझ्याकडे बघितलं, दोनाचा एक किलो करून घेऊ म्हणाले. मी मान डोलावली. मग त्यांनी माझ्याच हातातला पेन मागून घेतला आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: "पाऊस झाल्यास उचलण्यास दोन दिवस जादा."

"हे बी असू द्या," म्हणाले, "रस्ता चिखलाचा हाय तुमचा, माझा टेम्पो फसतो."

सही केली, चहा घेतला, आणि जाताना म्हणाले, "मला बी एक कागद द्या की लिहून. घरी पोराला दाखवायचाय."