खोली फक्त फॅमिलीला

आज संध्याकाळी इथे नाशिकला, गंगापूर रोडला एका सत्काराला गेले होते, अजून डोकं तापलेलंय म्हणून लिहून मोकळी होते. सत्कार आमच्याकडे डबा खाणाऱ्या एका पोराचा (पोरगा म्हणते, आता तिशीला टेकलाय). सुरगाण्याचा. नाव टाकत नाही, त्याला आवडणार नाही. शाल, श्रीफळ, सगळं यथासांग झालं आणि पाहुणे भाषणात म्हणाले, यांनी पोटाला चिमटा काढून शिक्षण केलं, संघर्षानेच माणूस घडतो. टाळ्या.

अहो पण चिमटा काढायला लावला कोणी?

हा शिकायला आला तेव्हा हॉस्टेलला नंबर लागला नाही. आज जिथे टाळ्या वाजल्या त्याच गल्ल्यांमध्ये तो खोली शोधत फिरायचा. आधी आडनाव विचारायचे, मग गाव, मग "आम्ही फॅमिलीलाच देतो." आणि आठ दिवसांनी त्याच खोलीत इंजिनिअरिंगची चार मुलं! हां, पोरं भाडं बुडवतात, रात्री दंगा करतात, घरमालकांचंही कधीकधी खरं असतं. असेल. पण मग आडनाव कशाला विचारता?

त्याने आईकडे दोन वेळचा डबा लावला होता. थोड्या दिवसांनी म्हणाला, काकू, संध्याकाळचा बंद करा, मित्राकडे जेवतो. आईला काय कळायचं राहतंय, दुपारच्या डब्यातल्या दोन पोळ्या तो रात्रीसाठी कागदात बांधून ठेवायचा. स्वयम योजनेचे (हॉस्टेल न मिळालेल्या आदिवासी पोरांना राहण्या-जेवणासाठी सरकार देतं ते) पैसे अडकलेले, कारण आधार लिंक होतं पण आश्रमशाळेत असताना उघडलेल्या कुठल्यातरी जुन्या खात्याला, आणि हे त्याला सांगणारं कोणी नाही, ऑफिसवाले म्हणणार बँकेत जा, बँकवाले म्हणणार ऑफिसात जा. घरून मागायचं तरी काय? भात-नागली निघाली की त्याचे आईवडीलच दिंडोरी-निफाडला द्राक्षबागेत जगायला येणार. आणि सुरगाणा नाशिक जिल्ह्यातच आहे बरं का! आपल्याला बाहेरचे म्हटलं की फक्त सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले युपी-बिहारवाले आठवतात.

मित्राकडे जेवतो म्हणे. त्या मित्राचाही डबा एकवेळचाच होता, हे आईने नंतर शोधून काढलं आणि मग दोघांना अशी काय झापलीये की विचारू नका. त्यानंतर संध्याकाळचा डबा सुरू, पैसे मिळतील तेव्हा दे.

तर स्वतःचा फॉर्म सोडवता सोडवता हा फॉर्ममध्ये तरबेज झाला. मग खोलीवरच्या पोरांचे भरून द्यायला लागला, मग गावाकडून येणाऱ्यांचे, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला, कुठला कागद कुठल्या खिडकीवर अडतो सगळं तोंडपाठ. 2018 ला वसतिगृहातल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं निघालं तेव्हा आदिवासी पोरं पुण्याहून नाशिकला चालत निघाली होती, त्यांच्या गाठीभेटी, निवेदनं लिहिणं, यात हा होता. आणि 2020 चं लॉकडाऊन तर विसरूच शकत नाही. कसारा घाट चढून लोक मुंबई-आग्रा हायवेने चालत येत होते, हा आणि याची गँग पाथर्डी फाट्याकडे खिचडी घेऊन उभी, खिचडी आमच्या ओट्यावर शिजायची. नाशिकरोडहून भोपाळ-लखनौला श्रमिक गाड्या सुटायला लागल्या तेव्हा लोकांची नावं, गाव, आधार नंबर लिहून घेत बसलेला असायचा. मराठीही धड न येणाऱ्यांना हा मोडक्या हिंदीत विचारायचा, भैय्या, खाना खाया क्या? आधी ते, मग फॉर्म.

जेवला का हे तो आजही पहिलं विचारतो. कुठून आलं ते मला माहितीये, आईला माहितीये. पाहुण्यांना नाही.

सत्कार करू नका असं नाही म्हणत मी. त्याने शालीचा फोटो स्टेटसला ठेवलाय, त्याच्या आईने गावात दाखवला असेल, छान वाटलं बघून. राग येतो तो त्या "संघर्षानेच" वाल्या वाक्याचा. तुमच्या पोराला का नाही ठेवत मग उपाशी, घडेल की! त्याला घडवलं कोणी तर एक वेळचा जास्तीचा डबा आणि फॉर्म भरून देणारं कोणीतरी, एवढंच. उरलेलं उपाशी राहणं फुकट गेलं त्याचं. दोन विषय राहिले होते त्या वर्षी, ते भाषणात कोणी नाही सांगितलं.

असो. बारावीचे निकाल लागले की पेठ-सुरगाण्याची पोरं एसटीने सीबीएस बसस्टँडला उतरायला लागतील आणि त्याचा फोन येईलच, ताई, कुठे खोली आहे का बघा. तर कॉलेज रोड, गंगापूर रोड, पंचवटी, कुठेही खोली रिकामी असेल तर इनबॉक्स करा. डिपॉझिट दोन हप्त्यांत मिळेल, त्याची जबाबदारी मी घेते. "तसली" मुलं नकोत म्हणणाऱ्यांनी प्लीज मेसेज करू नये, मी आज चांगल्या मूडमध्ये नाहीये.