युटामधली लाल माती म्हणजे जांभा नव्हे

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मोआबजवळच्या लाल कुरणांचे फोटो फिरताहेत. सोबत मजकूर असा: 'ही आपल्या कोकणासारखीच जांभ्याची माती, नुसती रेती, गुरांनी तुडवली तरी काही बिघडत नाही.' यातलं रेतीचं तेवढं बरोबर आहे. बाकी दोन्ही गोष्टी चूक आहेत.

जांभा तयार व्हायला भरपूर पाऊस लागतो. तो सिलिका धुऊन नेतो आणि लोह, ॲल्युमिनियम मागे उरतं. मोआबला वर्षाला जेमतेम 225-250 मिलिमीटर पाऊस पडतो. तिथली माती वालुकाश्म झिजून झालेली. कण क्वार्ट्झचे (म्हणजे गारेचे), वर हेमेटाइट या लोहखनिजाचा पातळ लेप, म्हणून ती लाल दिसते. ओली करून मुठीत दाबा, गोळा झाला तरी बोट लागताच फुटतो. पुष्कळ ठिकाणी तिच्यात चुना असतो आणि सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फसफसते. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, ती अशी फसफसणार नाही.

अमेरिकी वर्गीकरणात थर न पडलेली अशी कोरडी वाळूमाती एन्टिसॉल गटात, टॉरिप्सॅमेंट म्हणून येते. खाली चुन्याचा ठळक थर तयार झाला असेल तर अरिडिसॉल, म्हणजे कोरड्या प्रदेशातल्या मातीच्या गटात.

तुडवण्याचं तर अजिबात खरं नाही. वरची काळपट, खडबडीत साय जिवंत आहे! सायनोबॅक्टेरियाचे (उन्हावर अन्न बनवणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंचे) चिकट धागे, दगडफूल, शेवाळ मिळून वाळू बांधून ठेवतात आणि हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. एका पावलाने ती मोडते, आणि पूर्ववत व्हायला कित्येक वर्षं, कधी दशकं लागतात. तोवर वारा वाळू उडवत राहतो.