पळ रे, पळ!

निसर्ग चक्रीवादळ आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा मी माजघरात तांदळाच्या पिंपाला टेकून बसलो होतो. ३ जून २०२०. पडवीचा पत्रा उडून शेजाऱ्यांच्या विहिरीवर झाकणासारखा बसला, आगरातल्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, आणि मी सगळा वेळ बसून होतो. वादळात दुसरं करणार काय? दाराला अडसर घालायचा आणि बसायचं. या अनुभवाच्या जोरावर गेल्या मे महिन्यात मी भाच्याला म्हणालो, "आपत्तीतून वाचायचा खेळ? लाव. आम्ही आंजर्ल्याचे आहोत."

भाचा बोरिवलीहून येताना निन्टेन्डोचं टीव्हीला जोडून खेळायचं जुनं 'वी' यंत्र घेऊन आला होता आणि सोबत 'डिझास्टर: डे ऑफ क्रायसिस' नावाचा खेळ, २००८ साली जपानात निघालेला. भूकंप, ज्वालामुखी, त्सुनामी, पूर, चक्रीवादळ, सगळं एकाच माणसाच्या राशीला; ते पुरेना म्हणून वर बंदुकवाले दहशतवादी. गोष्ट अमेरिकेतली, पण अमेरिकेत हा खेळ कधी विकायलाच काढला नाही. त्यांनी काढता पाय घेतला, तो आंजर्ल्यात आला. नायक माजी सैनिक. नाव रे.

"नाव काय म्हणालास रे?" आईनं ओटीवरून विचारलं.

"रे."

"हो, पण नाव काय?"

यात पाच मिनिटं गेली.

या यंत्राचा रिमोट टीव्हीवर रोखायचा असतो. रिमोटच्या तोंडाशी बारका कॅमेरा आहे. टीव्हीपाशी ठेवलेल्या पट्टीतले इन्फ्रारेड दिवे बघून तो आपला नेम कुठे आहे ते ठरवतो. ती पट्टी भाचा बोरिवलीला विसरला होता. पण मुलगा हुशार. म्हणाला, "मामा, दोन ज्योती असल्या तरी चालतं." मेणबत्त्या वीज मंडळाच्या कृपेनं आमच्याकडे कधी शिल्लक राहत नाहीत. शेवटी देवघरातली दोन निरांजनं आली. आईनं तुपाच्या फुलवाती मोजून दिल्या.

खरोखर चाललं! फक्त पंखा लावला की ज्योत हलायची आणि ज्योत हलली की रेचा बंदुकीचा हात लटपटायचा. तेव्हा पंखा बंद. मे महिना, दुपारचे तीन, दारं लोटलेली, पुढ्यात तूप जळतंय आणि मी बनियनवर दहशतवादी मारतोय. तेवढ्यात विरजण मागायला शेजारच्या काकू आल्या. टीव्हीपुढे दोन निरांजनं आणि मी घामाघूम. त्यांनी चपला काढल्या, टीव्हीला हात जोडले आणि हलक्या आवाजात आईला विचारलं, "कधीपासून?"

नेम धरणं एकवेळ जमलं. पळणं जमेना. या खेळात पळायचं म्हणजे एका हातात रिमोट, दुसऱ्यात त्याला वायरनं बांधलेला नन्चक, आणि दोन्ही हात धावल्यासारखे हलवायचे. मागून त्सुनामी येत असताना जरा ढिलाई झाली की संपलं. मी जागच्या जागी धावायला लागलो. तिसऱ्या मिनिटाला धोतरापर्यंत आलेली लाट नव्हे, धोतरच सुटलं. रे बुडाला. पुन्हा. पुन्हा बुडाला. भाचा ओरडतोय, "पळ रे, पळ!" ते मला की नायकाला, हे कळायला मार्ग नाही.

पाचव्या खेपेला घामानं रिमोट निसटला. मनगटाला पट्टा होता म्हणून टीव्ही वाचला. हा पट्टाही उगाच नाही. हे यंत्र बाजारात आल्यावर लोकांनी असे हात झाडले की पट्टे तुटायला लागले, आणि २००६ च्या डिसेंबरात कंपनीनं जवळपास ३२ लाख पट्टे बदलून द्यायचं ठरवलं. म्हणजे जगात माझे निदान इतके तरी भाऊबंद आहेत.

खेळाचा आणखी एक नखरा. धुरळ्यातून गेलं की रेच्या छातीत धूळ साठते, मग त्याला मोकळ्या हवेत थांबवून दीर्घ श्वास घ्यायला लावायचा. अंगातली शक्ती उतरली की खायला घालायचं. वाटेत सापडेल ते तो उचलून खातो. "दहा पावलं चालला की ह्याला खायला लागतं," ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "ओळखीचा वाटतोय." रेचे श्वास घेऊन झाले. माझे चालूच होते.

मी पिंपाला टेकलो, तेव्हा आई उठली. "आण बघू इकडे. नुसते हात हलवायचेत ना?"

खुर्चीत बसली. एक रिमोट, एक नन्चक. आणि उजवा पुढे, डावा मागे, डावा पुढे, उजवा मागे, एका लयीत, घाई नाही की धाप नाही. रे सुसाट सुटला! भाचा तोंड उघडं टाकून बघत राहिला. मला उशिरा उजेड पडला: ती ताक करत होती. रवीची दोरी ओढावी तशी. साठ वर्षांचा हात. रिमोटच्या पोटातल्या चिपला माणूस थोडाच दिसतो! तिला हातातला हिसका तेवढा समजतो. पाय पळतायत की मांडी घातलीय, तिला काय पत्ता. मी मात्र दोन तास ओटी हादरवत होतो.

लाट मागे पडली. रे वाचला. काकू विरजणाची वाटी धरून तशाच उभ्या.

"झालं?" आई म्हणाली. "आता त्याच्या घराची कौलं?"

"कौलं नाहीत गं आजी. आता पुढची आपत्ती."

"लगेच? पंचनामा?"

"पंचनामा नसतो यात."

"तलाठी येत नाही?"

"नाही."

आईनं रिमोट खाली ठेवला आणि फुंकर मारून दोन्ही निरांजनं विझवली. तूप वाचवायला हवं होतं. शिवाय आगोट तोंडावर आली होती आणि आमच्या पडवीचे दोन पत्रे अजून बसवायचे होते. ते बसवायला ती माझ्याकडे बघत होती.