तुमच्या तीन आकड्यांपैकी खोटा एकही नाही

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'तापमान बघायला कुठलाही एक प्रोग्राम पुरे, सगळे एकच सेन्सर वाचतात' असं मी संगणकाच्या प्रोसेसरच्या तापमानावरच्या लेखात लिहिलं होतं. तुमच्या रायझन ७ १७००एक्स या एएमडी कंपनीच्या प्रोसेसरवर मात्र काहीही काम चालू नसताना एक प्रोग्राम ४१ अंश दाखवतो, दुसरा ६१, आणि मदरबोर्डसोबत आलेला तिसरा ३६. हीटसिंकला, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाला, हात लावला तर तो जेमतेम कोमट. म्हणजे हे प्रोग्राम तरी खोटं बोलतात, नाहीतर मी तरी. आता तुम्ही तिन्हींची सरासरी धरता. आणि त्या ६१च्या धास्तीने तुम्ही दोनदा कूलर काढून त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदललीत.

चूक माझी आहे. ते वाक्य आज लेखातून काढलं. तुमची दोनदा झालेली मेहनत वाचून फार वाईट वाटलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी ४१ आणि ६१ घेऊ. त्यांतला फरक बरोब्बर २० आहे, आणि तो योगायोग नाही. एएमडीने २०१७ साली रायझन आणले तेव्हा १६००एक्स, १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरांमध्ये बाहेर कळवायच्या तापमानात मुद्दाम २० अंश मिळवले. या आकड्याला टीसीटीएल म्हणतात. तो पंख्यासाठी असतो: एएम४ सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायच्या जागेत, कुठलाही प्रोसेसर बसवला तरी पंख्याचं गणित सारखंच चालावं, म्हणून ही मिळवणी. सिलिकॉनचं खरं तापमान म्हणजे टीडाय. साध्या १७००मध्ये ही मिळवणी नाही. २७००एक्समध्ये ती १० अंशांची आहे आणि थ्रेडरिपर १९५०एक्समध्ये तर २७ची. तुमचा पहिला प्रोग्राम २० वजा करून दाखवतो, दुसरा जसं मिळालं तसं दाखवतो. दोघांनी सेन्सर एकच वाचला.

हे एएमडीपुरतंच नाही. इंटेलच्या 'कोअर' नावाच्या प्रोसेसरांमधला सेन्सर तर तापमान सांगतच नाही; कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, एवढंच सांगतो. मर्यादेतून तो आकडा वजा करायचं काम प्रोग्रामचं. 'कोअर २' या जुन्या प्रोसेसरांच्या काळात ती मर्यादा प्रोसेसरमधून वाचता येत नसे, म्हणून कोणी ९५ धरत असे, कोणी १०५. सेन्सर दोघांनाही '५५ अंश खाली' म्हणाला, की एकाच्या पडद्यावर ४० उमटायचे आणि दुसऱ्याच्या ५०. पुढे इंटेलच्या नेहेलम या पिढीपासून ही मर्यादा प्रोसेसरमध्येच नोंदवलेली मिळू लागली आणि तो गोंधळ बराचसा मिटला. तरी हे सेन्सर मर्यादेजवळ नेमके असावेत असेच बनवलेले असतात. थंड प्रोसेसरवर दोन कोअरांत, म्हणजे त्याच्या आतल्या दोन गणना करणाऱ्या भागांत, चार-पाच अंशांचा फरक दिसला तर त्यात मी काही शोधत बसत नाही.

आता ३६. मदरबोर्डवर सुपर आय-ओ नावाची एक वेगळी चिप असते. पंख्यांचा वेग, व्होल्टेज, तापमानं तिच्याकडे येतात. तुमचा तिसरा प्रोग्राम तिला विचारतो आणि ती सॉकेटजवळच्या सेन्सरचं सांगते. ती जागा सिलिकॉनपासून दूर, म्हणून तिथे उष्णता उशिरा पोचते आणि उशिरा ओसरते. याच चिपच्या काही तारा बोर्डावर कशालाच जोडलेल्या नसतात. कधी यादीत १२७ अंश दिसले तर दचकू नका, ती मोकळी तार असते.

म्हणून ती सरासरी सोडा. तुमच्या तिघांची ४६ येते, आणि ४६ हे तुमच्या यंत्रातल्या कुठल्याच जागेचं मोजमाप नाही. तुम्ही हाताने केलेली परीक्षा मात्र बरोबर होती. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३३ अंश असतं, त्यामुळे ३५-३६ अंशांचा धातू हाताला जेमतेम कोमटच लागणार. आत ४१ असताना असंच व्हायला हवं. तुमचा हात खरं सांगत होता आणि तुम्ही ६१वर विश्वास ठेवलात.

माझ्यावर विसंबू नका, स्वतः तपासा. एचडब्ल्यूइन्फो हा सेन्सर दाखवणारा प्रोग्राम उघडा, त्यात टीसीटीएल आणि टीडाय वेगवेगळे दिसतात. दहा मिनिटं प्रोसेसरला जड काम द्या. हे दोन आकडे एकत्र चढतील, एकत्र उतरतील आणि त्यांच्यातलं अंतर २०च राहील. सॉकेटचा आकडा मागून रेंगाळत येईल. अंतर कायम राहिलं तर सेन्सर एक आणि गणित वेगळं. अंतर बदलत गेलं तर सेन्सरच वेगळे. कुठल्याही यंत्रावर मी हीच कसोटी लावते.

पण तिन्ही प्रोग्राम एकाच वेळी चालू ठेवू नका. सुपर आय-ओ चिपला आधी कुठली नोंद हवी ते सांगावं लागतं, मग ती वाचायची. मध्येच दुसऱ्याने वेगळी नोंद मागितली, तर पहिल्याच्या हाती भलताच आकडा पडतो. बरेच प्रोग्राम एकमेकांसाठी थांबतात, सगळेच थांबतात असं नाही. शिवाय प्रत्येकाची वाचायची वेळ वेगळी, आणि रायझनमध्ये नुसती एक खिडकी उघडली तरी एखादा कोअर क्षणभर पूर्ण वेगाने धावतो आणि तापमान दहा अंश उडी मारतं. बायोसमधला, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावरचा, आकडाही या रांगेत बसवू नका. तिथे विंडोजची वीज वाचवणारी विश्रांती चालू नसते, त्यामुळे प्रोसेसर रिकामा असूनही जास्त तापतो.

'हे सगळे प्रोग्राम कचरा आहेत' हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. आकड्याशेजारी नुसतं 'सीपीयू' लिहून तो कुठला हे न सांगणं, ही त्यांची खरी चूक आहे, आणि त्याबद्दलचा तुमचा राग रास्त आहे.

पंखा विनाकारण घोंगावतो असंही तुम्ही लिहिलंय. बायोसमध्ये पंखा कुठल्या आकड्यावर चालतो ते पाहा. टीसीटीएलवर असेल तर त्याच्या लेखी यंत्र आत्ता ६१वर आहे. खऱ्या ४५पर्यंत तो हळू फिरावा असं वाटत असेल तर पहिला टप्पा ६५वर ठेवा. पेस्ट आहे तशीच राहू द्या.